आयला बेटावरचा सातबारा

नाशकात हल्ली माणूस ताकसुद्धा ग्लास फिरवून पितो. दोष त्याचा नाही. २००५ साली सुला वायनरीनं गंगापूर धरणाच्या बाजूला टेस्टिंग रूम उघडली आणि तेव्हापासून बाहेरगावच्या प्रत्येक पाहुण्याला रामकुंड, पांडवलेणी आणि टेस्टिंग रूम अशी तीन ठिकाणं दाखवावी लागतात. पाहुणा एकदाच येतो. यजमानाला मात्र दर पाहुण्यामागे तेच घोट घ्यावे लागतात आणि तेच भाषण ऐकावं लागतं. अशी वीस वर्षं गेली की ग्लास तिरपा धरून रंग बघायचा, नाक आत खुपसायचं, डोळे मिटायचे आणि उघडल्यावर एखाद्या फळाचं नाव घ्यायचं, हे सगळं अंगवळणी पडतं. मग समोर ताक असो की डॉक्टरांनी दिलेलं ओआरएस.

वाइनच्या बाबतीत नाशिककर निदान घरच्या मैदानावर असतो. कुणाची ना कुणाची बाग कुठल्या ना कुठल्या वायनरीला बांधलेली असते, त्यामुळे घोट घेण्याआधीच ‘यंदा अवकाळीनं मार दिला’ एवढं तरी अधिकारानं बोलता येतं. सिंगल माल्ट स्कॉचमध्ये ती सोय नाही. पाणी तिकडचं, भट्टी तिकडची, ओकचं पिंप अमेरिकेतून नाही तर स्पेनमधून आलेलं, आणि कायदा असा की ते पिंप किमान तीन वर्षं स्कॉटलंडच्याच हवेत ठेवलं पाहिजे. २०१२ च्या नोव्हेंबरपासून तर बाटलीसुद्धा तिथंच भरावी लागते. म्हणजे आपण करावं असं काही शिल्लक नाही. आणि जिथं करण्यासारखं काही नसतं, तिथं मराठी माणूस तुलना करतो.

तुलनेला लागणारा माल मात्र आपोआप जमतो. गंगापूर रोडच्या कुठल्याही इमारतीत जिना चढून जा. पहिल्या मजल्यावरचा मुलगा न्यू जर्सीत, दुसऱ्यावरची मुलगी लंडनला, तिसऱ्यावरचा पुतण्या स्टुटगार्टला गाड्यांचे गिअर बनवतो. ही मंडळी दिवाळीला येतात तेव्हा कस्टमच्या नियमाप्रमाणे माणशी दोन लिटर घेऊन मुंबईला उतरतात आणि कसारा घाटात ‘सावकाश घ्या, सावकाश’ असं ड्रायव्हरला सांगत घरी पोचतात. ही काळजी स्वतःच्या जिवाची आहे असं ड्रायव्हरला वाटत असतं.

पूर्वी या दोन लिटरांना मोठा मान होता. पण २०२१ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारनं आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं. कॉलेज रोडच्या दुकानात बाटलीची किंमत उतरली आणि तिच्याबरोबर परदेशी पुतण्यांचीही. ‘हे तर इथंही मिळतं’ हे वाक्य परक्या देशात बारा-बारा तास राबणाऱ्या पोरानं सासऱ्याच्या तोंडून ऐकणं फार वाईट. तेव्हापासून पोरंही हुशार झाली. आता ती म्हणतात, मिळतं, पण हे बॉटलिंग मिळत नाही.

झालं. एकच डिस्टिलरी, एकच नाव, लेबलही दुरून एकच, पण बाटली वेगळ्या देशासाठी भरलेली. बुद्धिबळापेक्षा जास्त वेळ खाणारा हा खेळ या गावाला मिळाला.

आमच्या गच्चीवरची बैठक लॅफ्रॉइगवर बसली. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे, तिथं समुद्राच्या काठाला ही डिस्टिलरी १८१५ पासून आहे. बेटावर लाकूडफाटा बेताचा, म्हणून दलदलीतला कुजका गवत-माती असा थर, ज्याला पीट म्हणतात, तो विटांसारखा कापून वाळवायचा आणि त्याच्या धुरावर भिजवलेले जव सुकवायचे ही तिथली जुनी रीत. त्या धुराचा वास जवात, जवातून दारूत आणि दारूतून आमच्या सोफ्याच्या कव्हरांत जातो. कव्हरं धुऊनही तो तिथंच आहे.

बैठकीला एक सीए, एक डॉक्टर, लंडनवाल्या मुलीचे वडील, बँकेतून निवृत्त झालेले काका, दिंडोरी तालुक्यातले एक बागाईतदार आणि पुण्याहून आलेला माझा मेहुणा. मेहुण्याबद्दल एवढंच सांगतो की तो पुण्याहून आला होता.

टेबलावर चार बाटल्या. लंडनची दहा वर्षं मुरलेली, ७०० मिली, ४० टक्के. न्यू जर्सीची तीच दहा वर्षांची, पण ७५० मिली आणि ४३ टक्के. स्टुटगार्टची, लंडनसारखीच ७०० मिली आणि ४० टक्के. आणि चौथी ड्यूटी फ्रीची, एक लिटर, ४८ टक्के, तीन प्रकारच्या पिंपांतून फिरवून आणलेली. हिच्यावर वय लिहिलेलं नव्हतं. बँकेतल्या काकांनी बाटली चारही बाजूंनी फिरवून पाहिली आणि, जन्मतारीख गाळलेला बायोडाटा हाती आल्यावर मुलीचा बाप ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात म्हणाले, “वय का लपवलंय?”

मेहुण्यानं समजावलं, की बाटलीवर जे वय लिहितात ते आतल्या सगळ्यात तरण्या पिंपाचं असतं. वीस वर्षांच्या दारूत पाच वर्षांची चमचाभर घातली तरी कायद्यानं पाचच लिहावं लागतं. त्यापेक्षा काही न लिहिलेलं बरं. काकांना हे पटलं नाही. त्यांनी पस्तीस वर्षं कर्जं मंजूर केली आहेत. न लिहिलेल्या रकान्याचा त्यांना अनुभव आहे.

पण वयावरून काकांचं स्वतःचंही एक प्रकरण होतं. त्यांच्या कपाटात बारा वर्षांच्या स्कॉचची एक बाटली आहे, शाखाधिकारी झाले तेव्हा कुणीतरी दिलेली. काकांनी ती फोडली नाही, कारण त्यांच्या हिशेबानं ती दरवर्षी एका वर्षानं मोठी होतेय, आणि आता पस्तिशीच्या पुढे आहे. मुदत ठेवीसारखी त्यांनी ती मनोभावे सांभाळली. मेहुण्यानं अत्यंत थंडपणे सांगितलं, की व्हिस्की पिंपातच वाढते, काचेत शिरली की तिचं वय थांबतं. बारा वर्षांची बाटली शंभर वर्षं ठेवली तरी बाराचीच. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे व्याज लागलंच नाही.”

चव घेण्याआधी सीएंनी हिशेब घेतला. लंडनच्या ७०० मिलीचे ४० टक्के, म्हणजे निव्वळ अल्कोहोल २८० मिली. न्यू जर्सीच्या ७५० मिलीचे ४३ टक्के, म्हणजे सव्वातीनशेला जरा कमी, नेमकं सांगायचं तर ३२२.५. ड्यूटी फ्रीचे सरळ ४८०. डिस्टिलरी तीच, नाव तेच, दहा वर्षं तीच, आणि अमेरिकेतल्या माणसाला साडेबेचाळीस मिली जास्त! “बाकी सगळं पाणीच ना?” असं म्हणून त्यांनी लंडनच्या बाटलीकडे असं पाहिलं, की लंडनवाल्या मुलीचे वडील खुर्चीतल्या खुर्चीत सरकले. पाणी घालणं हा तिथं गुन्हा नाही हे खरं. पिंपातून निघते ती साधारण पन्नास-साठ टक्क्यांची असते, आणि बाटलीत भरताना पाणी घालून ती चाळीसपर्यंत उतरवतात. चाळिसाच्या खाली गेलं तर मात्र तिला स्कॉच म्हणता येत नाही. कंपनी दहा वर्षांची न पातळ केलेली बाटलीही काढते, तिच्यावर २००९ पासून बॅचचा क्रमांक असतो. ती कळल्यावर सीएंनी पहिल्या तिन्ही बाटल्यांतला रसच काढून घेतला. पाणी गंगापूर धरणाचं आपल्याकडे भरपूर आहे, ते स्कॉटलंडहून भाडं भरून का आणायचं, हा त्यांचा सवाल. मला तो आजही बिनतोड वाटतो.

स्टुटगार्टच्या बाटलीवर एक ओळ जास्त होती. जर्मन येणारं कुणी नव्हतं, म्हणून फोन धरून वाचली: रंग घातलेला आहे. गच्चीवर शांतता पसरली. स्कॉचमध्ये साखर जाळून केलेला कॅरॅमलचा रंग घालायला परवानगी आहे. सगळ्या बॅचा एकसारख्या दिसाव्यात म्हणून तो घालतात. लंडन आणि न्यू जर्सीच्या बाटल्यांवर ते लिहिलं नव्हतं, जर्मनीत लिहावंच लागतं. तिन्ही ग्लास दिव्यासमोर धरून पाहिले, रंग सारखाच. पण तेवढ्यात काय फरक पडला पाहा. थोड्या वेळापूर्वी ‘अहाहा, काय सोन्यासारखा रंग’ म्हणणारे सगळे आता म्हणायला लागले की जर्मन बाटली जरा जास्तच पिवळी आहे. खरं बोलणाऱ्याचं जे होतं ते तिचं झालं, तिला कोपऱ्यात ठेवली.

मग घोट. पहिला बागाईतदारांनी घेतला. त्यांनी ग्लास फिरवला नाही, नाक खुपसलं नाही, सरळ घोट घेतला आणि म्हणाले, “आयला!”

“बरोब्बर!” मेहुणा उडालाच. “नुसत्या चवीवरून बेट ओळखलंत!”

पुढे मेहुण्याची पाळी. त्यानं डोळे मिटून समुद्री शेवाळ, डांबर, विझलेली शेकोटी, ओलं चामडं आणि लांबवर कुठेतरी व्हॅनिला अशी यादी दिली. आम्ही ती आदरानं ऐकली. व्हॅनिला समजू शकतो, कारण अमेरिकी ओकच्या आतल्या बाजूला जाळ दिला की लाकडातून तोच वास उतरतो. पण समुद्री शेवाळ याला कुठं भेटलं? हा माणूस मुळशीच्या पलीकडे गेला तर रात्री घरी परततो. डॉक्टर एवढंच म्हणाले, “ड्रेसिंग रूम.” त्यांचं निदान अचूक होतं. पीटच्या धुरातून जी फिनॉलची जात येते, तीच जुन्या जंतुनाशकांतही असायची. वास घेऊन डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हाउसमन असतानाच्या रात्रपाळीचा थकवा उतरला.

आणि इथं माझ्या मनातला एक जुना प्रश्न सुटला. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे हॉटेलांच्या पाट्यांवर ‘परमिट रूम’ वाचत मोठे झालेल्यांनाही माहीत नसतं. मूळ कायदा १९४९ चा, मुंबई दारूबंदीचा. तो अजून जागेवर आहे. पाच रुपयांत एका दिवसाचा परवाना, हजारात जन्माचा, आणि तो देण्याचं कायद्याला मान्य असलेलं कारण म्हणजे आरोग्याचं जतन. तमाम महाराष्ट्र संध्याकाळी आरोग्य जतन करायला बसतो. इतर दारूंच्या बाबतीत हे कारण ओढूनताणून आणल्यासारखं वाटे. लॅफ्रॉइगचा वास घेतल्यावर वाटलं, परवान्याच्या मसुद्यामागे हीच बाटली असणार. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा ही औषध म्हणून आत सोडत असत असं सांगतात, आणि कस्टमच्या माणसानं बूच उघडून हुंगलं असेल तर त्याला शंका घ्यायला जागाच नव्हती.

लंडन आणि न्यू जर्सी यांच्या चवीत फरक होता का? होता. तीन टक्क्यांचा फरक जिभेला कळतो; अमेरिकेची जरा भरीव लागली, धूर जास्त वेळ टिकला. पण मला प्रामाणिकपणे वाटतं, की हिशेब आधी झाला नसता तर हा फरक आमच्यापैकी कुणाला सापडला नसता. सीएंनी तर आकडे कळल्यावर चव घेणं हा पुनरुक्तीचा प्रकार मानला.

काकांनी दरम्यान आपल्या ग्लासात सोडा ओतला. मेहुण्यानं असा आवाज काढला, की खालच्या मजल्यावर दिवा लागला. दहा वर्षं मुरलेल्या माल्टमध्ये सोडा! पण विज्ञान मेहुण्याच्या बाजूनं पूर्णपणे नाही. २०१७ साली स्वीडनच्या लिनीयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर गणित मांडून दाखवलं, की व्हिस्कीत पाणी घातलं तर ग्वायकॉल नावाचा धुरकट वासाचा रेणू पृष्ठभागाकडे सरकतो. म्हणजे पाण्यानं वास मरत नाही, वर येतो. हे मी सांगताच काकांनी आणखी सोडा घातला. त्यात सोड्याबद्दल काही नाही असं मेहुणा ओरडत राहिला. काका म्हणाले, “सोडा म्हणजे पाणीच, जरा उत्साही.”

खरी गंमत ड्यूटी फ्रीच्या बाटलीनं केली. तिला शेवटचा मुक्काम स्पेनच्या पेद्रो शिमेनेस शेरीच्या पिंपात घडवतात. मेहुण्यानं वाचलं: खजूर, अंजीर, ख्रिसमस केक. बागाईतदारांनी ग्लास नाकाशी नेला, परत खाली ठेवला, परत नेला. आता ते पिणारा माणूस राहिले नव्हते. बांधावर उभे होते.

“बेदाण्याची शेड,” ते म्हणाले. “आणि गंधक. कुठंतरी गंधकाची धुरी दिलेली आहे भाऊ.”

मेहुणा हसला. पण हसण्याचं कारण नव्हतं. पेद्रो शिमेनेस हे द्राक्षाच्या जातीचं नाव आहे. ही द्राक्षं तोडून उन्हात पसरतात, त्यांचे जवळजवळ बेदाणे होऊ देतात आणि मग तो काकवीसारखा रस काढून त्याची शेरी करतात. आणि लाकडी पिंपं रिकामी असताना आत बुरशी लागू नये म्हणून गंधक जाळायची पद्धत जुनी आहे. त्याची झाक कधी कधी व्हिस्कीत उतरते, पट्टीचे चाखणारे तिच्यावरून भांडतात. आमच्या दिंडोरीच्या माणसानं थॉम्पसनचे बेदाणे पिवळेधमक राहावेत म्हणून गंधकाची धुरी आयुष्यभर दिलेली. ख्रिसमस केक कधी खाल्लेला नाही. त्याच्या नाकाला स्पेन सरळ ओळखता आला. बैठकीत केवळ हे एकच परीक्षण झालं असं माझं मत आहे. बाकी आम्ही सगळ्यांनी लेबलं वाचली.

बागाईतदारांचा भाव वधारला तसा त्यांनी पिशवीतून पाचवी बाटली काढली. “आता आमची घ्या,” म्हणाले. लाँजिट्यूड ७७. पेर्नो रिकार कंपनीनं २०२३ मध्ये काढलेलं हे सिंगल माल्ट दिंडोरीत बनतं. ज्या कंपनीच्या मालकीची स्कॉटलंडची ग्लेनलिव्हेट, तिचीच ही. रेखांश ७७ भारताच्या डोक्यापासून पायापर्यंत जातो म्हणून ते नाव. काकांनी फोनवर नकाशा काढला. नाशिक ७३ आणि ७४ च्या मध्ये. ७७ चा रेखांश महाराष्ट्रात जातो तो अकोल्यावरून! म्हणजे भट्टी आमची, धरण आमचं, ऊन आमचं, आणि नाव अकोल्याचं. विदर्भावर अन्याय होतो असं कोण म्हणतं?

तिच्यावर वय नव्हतं, पण आता काकाही शहाणे झाले होते. “इथली बारा वर्षांची का नाही काढत?” त्यांनी नीट विचारलं. कारण ऊन. स्कॉटलंडमध्ये पिंपातली साधारण दोन टक्के दारू दरवर्षी हवेत उडून जाते. तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्या उन्हाळ्यात हा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास जातो. बारा वर्षं वाट पाहिली तर पिंपाच्या तळाशी वास आणि काकांचा विश्वास एवढंच उरेल. त्या बदल्यात लाकूड इथं झपाट्यानं काम करतं, तीन-चार वर्षांत दारू चांगली मुरते. बेंगळुरूच्या अमृतनं तर आपल्या एका बाटलीचं नावच हावऱ्या देवदूतांवरून ठेवलं आहे. अमृताचा थेंब नाशकात सांडल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आता देवदूत इथूनच उचलून नेतात, फिट्टंफाट.

चव चांगली होती. गोडसर, पिंपातल्या वाइनची झाक असलेली, औषधाचा वास नसलेली. डॉक्टरांनी दोनदा घेतली. मेहुणा म्हणाला, “छान आहे, पण.” ‘पण’नंतर त्याला काही सुचलं नाही.

एव्हाना चिवडा संपला होता आणि बैठक उठायच्या बेतात होती. तेवढ्यात सीएंना न्यू जर्सीच्या बाटलीच्या कागदात एक मजकूर सापडला. लॅफ्रॉइगची १९९४ पासून एक योजना आहे: बाटलीवरचा क्रमांक नोंदवा, तुम्हाला आयला बेटावर एक चौरस फूट जमीन आजन्म भाडेपट्ट्यानं. भाडं उलट कंपनीनंच द्यायचं, वर्षाला एक पेग, पण तो घ्यायला स्वतः जायला हवं. गेलात तर गमबूट आणि छोटा झेंडा देतात. आपला फूट शोधून त्यावर झेंडा रोवायचा.

चवीबद्दल इतका वेळ चाललेली चर्चा त्या क्षणी बंद पडली ती पुन्हा सुरू झाली नाही. सीए महाराष्ट्रात शेतजमीन घेऊ शकत नाहीत, शेतकरी असल्याचा दाखला नाही म्हणून. इथं एका बाटलीत खातेदार! त्यांनी गुणाकार केला: गुंठ्याला १०८९ चौरस फूट, म्हणजे १०८९ बाटल्यांत एक गुंठा, आणि एका एकराला ४३,५६०. “आपल्याकडे चाललं नसतं,” डॉक्टर म्हणाले. “तुकडेबंदी आहे, १९४७ पासून.” काका म्हणाले, आजन्म म्हणजे कुणाच्या जन्मापर्यंत? वारस लागतात का? बक्षीसपत्र करता येतं का? भाड्याचे पेग साठवून दहा वर्षांनी एकदम उचलले तर चालतील का? आणि उचलेपर्यंत त्यांचं वय वाढतं की थांबतं?

बागाईतदार गप्प होते. जमिनीचा विषय निघाला की ते आधी ऐकून घेतात.

“पाणी कसंय तिकडं?” शेवटी त्यांनी विचारलं.

“वर्षभर पाऊस,” मेहुणा म्हणाला.

“वर्षभर? मग डाऊनीचा रोग हटायचाच नाही. द्राक्ष नका लावू.” त्यांनी ग्लास संपवला. “आणि शेजारचा फूट कुणाचा आहे ते आधी काढा. कुणी बांध कोरायला लागला तर भांडायला जावं लागंल. ओझरहून विमान आहे का तिकडं?”